तपासणी नॉर्मल आली, मग दमा नाही ना?

पत्र: मी ३६ वर्षांची आहे, स्वतःचं पार्लर चालवते. गेले सात महिने खोकला आहे. पहाटे तीन-चारला ढास लागून जाग येते, छाती आवळल्यासारखी होते, उठून बसलं की हळूहळू बरं वाटतं. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, फरक नाही. गेल्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चिठ्ठीवर 'अस्थमा' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि दोन पंप दिले. निळा घेतला की लगेच मोकळं वाटतं, म्हणून तो दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी दोन फवारे असा घेते. दुसऱ्यात स्टेरॉइड आहे हे कळल्यावर तो कपाटात ठेवून दिला. फुंकायची तपासणी केली, रिपोर्ट नॉर्मल. एक्स-रेही स्वच्छ. मध्ये दहा दिवस बहिणीकडे राहिले तेव्हा खोकला नव्हता, परत आल्यावर पुन्हा सुरू. मला खरंच दमा आहे का? पंपाची सवय लागली तर? आणि आम्ही बाळाचा विचार करतोय, तेव्हा औषधं बंद करावी लागतील का?

उत्तर:

तुमच्या पत्रात दम्याच्या खुणा भरपूर आहेत आणि एका नॉर्मल रिपोर्टने त्या पुसल्या जात नाहीत, हे आधी सांगून टाकते. पत्रावरून निदान करता येत नाही, मीही करणार नाही. पण पहाटेची ढास, छाती आवळणं, निळ्या पंपाने मिळणारा आराम आणि अँटिबायोटिकला दाद न देणारा खोकला हे सगळं एकत्र दिसलं की छातीच्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात आधी दमाच येईल. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: बहिणीकडे दहा दिवस खोकला नव्हता. त्याकडे येतेच.

तुमच्या डॉक्टरांचं ते प्रश्नचिन्ह मला आवडलं. बऱ्याचदा 'दमा' म्हटलं की माणूस घाबरेल म्हणून 'ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस' असं काहीतरी मवाळ नाव लिहिलं जातं, आणि मग औषधंही तशीच मवाळ येतात. याच्या उलटही घडतं. एकदा छातीत सूं-सूं ऐकू आली की काहीही न मोजता पंप सुरू होतो आणि वर्षानुवर्षं चालू राहतो. कॅनडात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधीच्या पाच वर्षांत डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या प्रौढांची नीट फेरतपासणी केली, तेव्हा साधारण तिघांमागे एकात दमा सापडलाच नाही. म्हणून संशय आला तर तो लिहावा आणि मग मोजून मिटवावा. तुमच्या बाबतीत मोजण्याचं काम अर्धवट राहिलंय.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. त्या सुजेमुळे नलिका चिडखोर होतात. धूळ, धूर, गार हवा, सर्दी, कधी नुसतं खळखळून हसणं एवढ्यानेही भोवतीचे स्नायू आवळतात आणि वाट अरुंद होते. पण ही वाट कायम अरुंद नसते. पहाटे आवळलेली छाती दुपारी अगदी मोकळी असू शकते. तुमची तपासणी बहुधा दिवसाढवळ्या, बरं वाटत असताना झाली असणार. त्या दिवशी सकाळी निळा पंप घेतला होता का? तो तपासणीआधी किमान चार तास घ्यायचा नसतो. दिवसातून दोनदा घ्यायचा, लांब काम करणारा पंप असेल तर चोवीस तास थांबावं लागतं. हे पेशंटला सांगायचं राहून जातं आणि मग रिपोर्ट नॉर्मल येतो.

पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की दोन गोष्टी बघा. पहिली, जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण हवा यांचं गुणोत्तर. प्रौढांमध्ये ते साधारण ०.७५ ते ०.८० च्या वर असतं, अडथळा असेल तर घसरतं. दुसरी, पंप देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावल्यावर पहिल्या सेकंदाची हवा किती वाढली. ती १२ टक्क्यांनी आणि शिवाय २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याच्या बाजूने भक्कम पुरावा मिळाला. वाढली नाही तर 'दमा नाही' असं सिद्ध होत नाही, त्या वेळी पकडता आला नाही एवढंच. स्वच्छ एक्स-रेचंही तसंच. एक्स-रेत दमा दिसत नाही. तो टीबी, न्यूमोनिया, हृदयाचा आकार असलं दुसरं काही नाही ना, हे बघायला काढतात.

मग पकडायचा कसा? त्यासाठी पीक फ्लो मीटर नावाची हातात मावणारी साधी नळी मिळते. उभं राहायचं, छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्या उठल्या एकदा, संध्याकाळी एकदा, दोन आठवडे, पंप घेण्याआधी आणि दर वेळी त्याच मीटरवर. समजा सकाळी ३३० आणि संध्याकाळी ३९० आलं. फरक ६०, सरासरी ३६०, म्हणजे त्या दिवसाचा चढउतार सुमारे १७ टक्के. असे रोजचे टक्के काढून त्यांची सरासरी १० च्या वर गेली, तर प्रौढ माणसात ती दम्याच्या बाजूची खूण मानतात. ज्या दवाखान्यात स्पायरोमीटर, म्हणजे फुंकायच्या तपासणीचं यंत्र, नाही तिथेही ही नळी ठेवता येते. पंपाआधी आणि पंपानंतर पंधरा मिनिटांनी फुंकायला लावलं आणि आकडा २० टक्क्यांनी वाढला, तर तोही पुरावाच. हे सदर वाचणाऱ्या फॅमिली डॉक्टरांनी टेबलावर एक मीटर ठेवावं असं मला फार वाटतं. स्टेथोस्कोपने छाती स्वच्छ ऐकू आली म्हणून पुष्कळ दमेकरी हात हलवत परत जातात.

सूज कमी करणारं औषध, म्हणजे तुमच्या कपाटातल्यासारखा स्टेरॉइडचा पंप, सुरू झालं की हा चढउतार कमी होतो आणि निदान सिद्ध करणं अवघड होतं, म्हणून शक्यतो मोजणी आधी करावी. मात्र तुम्ही रात्रीची झोपमोड सोसत आहात, दिवसाला चार ते सहा फवारे घेत आहात. अशा माणसाने पुराव्यासाठी आठवडेच्या आठवडे थांबू नये. मी तुमची डॉक्टर असते तर येत्या दोन-चार दिवसांत, निळा पंप चार तास थांबवून स्पायरोमेट्री पुन्हा करून घेतली असती आणि त्याच दिवशी दुसरा पंप सुरू केला असता. पीक फ्लोची वही आजपासूनच. औषध सुरू केल्यावर चार आठवड्यांत आकडे चढत गेले आणि पहाटेची जाग थांबली, तर तेही निदानाला बळ देतं. एवढं करूनही काही स्पष्ट झालं नाही तर रक्तातल्या इओसिनोफिल पेशी, श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण, आणि शेवटी श्वासनलिका मुद्दाम डिवचून बघण्याची तपासणी असे मार्ग आहेत. ही शेवटची तपासणी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सोय असलेल्या ठिकाणीच करायची.

आता पार्लर. मोठ्या वयात नव्याने दमा सुरू झालेल्या प्रत्येकाला विचारायलाच हवेत असे दोन प्रश्न आहेत: तुम्ही काम काय करता, आणि सुट्टीत बरं वाटतं का? दुसऱ्याचं उत्तर तुम्ही न विचारता दिलंत. प्रौढपणी सुरू होणाऱ्या दम्यातला काही भाग, अंदाजे ५ ते २० टक्के, कामाच्या जागेमुळे असतो. केस ब्लीच करायच्या पावडरीतली परसल्फेट नावाची रसायनं हे त्यातलं चांगलंच ओळखीचं कारण. पावडर डब्यातून काढताना आणि कालवताना तिचा बारीक धुरळा उडतो. नखांचं ॲक्रिलिक आणि खोट्या पापण्यांचा गोंद यांनीही दमा झाल्याच्या नोंदी आहेत.

यातली फसवी गोष्ट अशी की हे रसायन पहिल्या दिवशी त्रास देत नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं काही होत नाही. मग शरीर त्याच्यावर चिडायला लागतं, आणि एकदा ते झालं की थोडंसंही पुरतं. शिवाय त्रास कित्येकदा काही तासांनी होतो. दुपारी ब्लीच कालवलं आणि ढास पहाटे लागली, तर संबंध कुणाच्या लक्षात येणार? म्हणून बहिणीच्या गावची हवा चांगली, असं वाटून जातं. हवा चांगली असेलही. पण तिथे ब्लीच नव्हतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खोकल्याच्या आधी काही महिने कामावर शिंका आणि नाक गळणं सुरू झालं होतं का, आठवून बघा. पुष्कळांच्या बाबतीत सुरुवात नाकापासून होते.

यासाठी वहीत थोडी भर घाला. कामाशी नातं शोधायचं तर पीक फ्लो दिवसातून किमान चारदा लिहावा लागतो, साधारण तीन-चार आठवडे, त्यात कामाचे आणि सुट्टीचे दोन्ही दिवस यायला हवेत आणि त्या काळात शक्यतो औषधाचा डोस बदलू नये. कोणत्या दिवशी ब्लीच, कोणत्या दिवशी स्ट्रेटनिंग किंवा नखं, हे शेजारी लिहा. ही वही घेऊन व्यवसायजन्य दमा बघणाऱ्या छातीच्या तज्ज्ञाकडे जा.

संशयावरून पार्लर बंद करू नका. पोटापाण्याचा निर्णय पुराव्यावर व्हावा. पण पुरावा मिळाला तर चालढकलही करू नका, कारण त्रास सुरू झाल्यापासून वर्षभराच्या आत त्या रसायनापासून लांब गेलेल्यांना बरं होण्याची संधी जास्त असते आणि तुमचे सात महिने झाले आहेत. तोवर पावडरीऐवजी धुरळा न उडणारं ब्लीच वापरा, कालवायचं काम हवेशीर जागी आणि दुसऱ्या कुणाकडे द्या. साधा मास्क लावून निर्धास्त राहू नका.

दम्यासारखीच दिसणारी इतर कारणंही एकदा चाळून घ्यावी लागतात. आम्लपित्त घशाशी येणं, नाकातला स्राव घशात उतरणं, सिगारेट. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर त्यानेही कोरडा खोकला होतो. अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेत असाल किंवा डोळ्यात टिमोलॉलचे थेंब घालत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. या औषधांनी दमा उसळतो. काहींना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी जोरात धाप लागते. आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात टीबीसाठी थुंकीची तपासणी झाली नसेल, तर ती करून टाकावी.

निळ्या पंपाबद्दल मला काळजी वाटते. पत्रातली सगळी भीती तुम्ही कपाटातल्या पंपाला दिलीत आणि सगळा विश्वास निळ्यावर ठेवलात. खरं तर हे उलटं हवं होतं. निळ्यातलं साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतं, म्हणून लगेच बरं वाटतं. सुजेला ते हातही लावत नाही. तुमचे दिवसाचे चार ते सहा फवारे धरले तर दोनशे फवाऱ्यांचा डबा पाच ते सात आठवड्यांत संपेल, म्हणजे वर्षाला सात ते अकरा डबे. वर्षाला तीन किंवा अधिक डबे लागणाऱ्यांमध्ये दम्याचा जोराचा झटका येण्याचा धोका वाढतो आणि बारा किंवा अधिक लागणाऱ्यांमध्ये मृत्यूचा. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या झटपट आरामाच्या पंपाच्या नोंदी मिळाल्या अशा १६५ जणांपैकी ६५ जणांना शेवटच्या वर्षात असे बाराहून जास्त पंप लिहून दिलेले होते.

या सगळ्याचा परिणाम म्हणून दम्याबद्दलची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे 'जीना', यांनी २०१९ साली प्रौढांना नुसता साल्ब्युटामॉलचा पंप देऊन भागवणं थांबवायला सांगितलं. दमा सौम्य असला तरी सूज कमी करणारं औषध हवंच. आता पुष्कळ जणांना ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप देतात. सौम्य दमा असेल तर लागेल तेव्हा, त्याहून जास्त असेल तर रोज ठरलेले फवारे आणि वर लागेल तेव्हा, अशी पद्धत. प्रत्येक वेळी आराम घेताना सुजेवरचं औषधही आपोआप आत जातं, हे त्यातलं शहाणपण. दिवसाला एकूण बारा फवाऱ्यांची मर्यादा असते. तिथवर जायची वेळ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तुमच्या कपाटातल्या पंपावरची नावं वाचा आणि हे तुमच्यासाठी चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने करू नका, कारण सगळे जोडपंप असे वापरता येत नाहीत. सालमेटेरॉल असलेला पंप लगेच आराम देण्यासाठी नसतो.

स्टेरॉइडचं म्हणाल तर आकडेच समोर ठेवते. पंपातला ब्युडेसोनाइडचा कमी डोस म्हणजे दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. दम्याचा झटका आला की देतात त्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम, पाच-सात दिवस. ४० मिलिग्रॅम म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, पण फरक शंभर पटींच्या घरातला आहे, शिवाय गोळी सगळ्या अंगभर फिरते. आयुष्यात गोळ्यांचे चार-पाच कोर्स झाले तरी मधुमेह, हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू यांचा धोका वाढलेला दिसतो. पंप टाळणारी माणसं शेवटी याच गोळ्यांवर येऊन पोचतात, हे मी फार बघते. पंपानेही त्रास होतोच नाही असं नाही: तोंडात पांढरी बुरशी, आवाज बसणं. फवाऱ्यानंतर चूळ भरून थुंकली की बराचसा टळतो. मोठा डोस वर्षानुवर्षं घेतला तर बाकीच्या शरीरावरही परिणाम होतो, म्हणून भागेल तेवढा कमीत कमी डोस ठेवायचा. याची व्यसनासारखी सवय लागत नाही. थांबवल्यावर त्रास परत येतो तो आजार तिथेच असल्यामुळे.

आता पंप घेता कसा, ते डॉक्टरांना किंवा नर्सला प्रत्यक्ष करून दाखवा. बहुतेक जण चुकीचा घेतात आणि ते त्यांना माहीतही नसतं. दाबायचा डबा असेल तर हलवून, पूर्ण श्वास सोडून, श्वास आत घ्यायला सुरुवात करताच दाबायचा आणि सावकाश, चार-पाच सेकंद ओढत राहायचं. मग जमेल तेवढा, दहा सेकंदांपर्यंत, श्वास रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर हे सगळं सोपं होतं, औषध घशात कमी आणि फुप्फुसात जास्त जातं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन आपोआप वाळू द्या, फडक्याने पुसू नका. पुसल्याने त्यावर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं. पावडरीचं यंत्र असेल तर श्वास अगदी उलटा, जोरात आणि खोल ओढायचा, आणि यंत्रात कधीही फुंकायचं नाही. दोन वेगळ्या जातींचे पंप एकाच माणसाला दिले की इथेच घोळ होतो.

सुरू केल्यावर एक ते तीन महिन्यांत पुन्हा दाखवा. तोवर दर महिन्याला स्वतःला चार प्रश्न विचारा: आठवड्यातून दोनदाहून जास्त दिवसा त्रास होतो का, रात्री जाग येते का, झटपट आरामाचा निळा पंप दोनदाहून जास्त लागतो का, दम्यामुळे काही काम टाळावं लागतं का? सगळ्यांची उत्तरं 'नाही' अशी तीन महिने टिकली की डॉक्टर डोस पाव ते निम्म्याने उतरवून बघतील. जन्मभर याच डोसात राहायचं, असं अजिबात नाही. मात्र उतरवताना सूज कमी करणारं औषध पूर्ण बंद केलं तर झटक्याचा धोका वाढतो.

पंपाऐवजी गोळी मागणारे खूप असतात, तुम्हालाही कुणीतरी सुचवेल, म्हणून सांगते: मॉन्टेलुकास्ट पंपापेक्षा कमी पडतं. शिवाय त्याने काहींना झोपेचे, मनःस्थितीचे, क्वचित आत्महत्येच्या विचारांचे त्रास होतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० साली त्यावर ठळक इशारा छापायला लावला.

डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या: त्रास वाढला तर काय वाढवायचं आणि कधी निघायचं. निघायची वेळ ओळखायच्या खुणा अशा: एका दमात वाक्य पूर्ण होत नाही, आडवं होता येत नाही, नाडी १२० च्या वर, पीक फ्लो नेहमीच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्यावर किंवा खाली, ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच हॉस्पिटल. वाटेत निळा पंप स्पेसरमधून, एकेक करून चार ते दहा फवारे, पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी घेत राहायचा. छातीतली सूं-सूं एकदम थांबली पण माणूस अजून धापा टाकतोय, तर ती बरं होण्याची नव्हे, हवाच आत-बाहेर जात नसल्याची खूण असते.

आता बाळाचं. औषधं बंद करू नका. गरोदरपणात साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा सुधारतो, एक तृतीयांशांचा वाढतो, उरलेल्यांचा आहे तसाच राहतो, आणि तुमचा कोणत्या बाजूला जाईल ते आधी कळत नाही. आटोक्यात नसलेल्या दम्याने वेळेआधी प्रसूती, बाळाचं वजन कमी भरणं आणि आईचा रक्तदाब वाढणं यांचा धोका वाढतो. त्यापुढे नेहमीच्या डोसातल्या पंपाचा धोका फार थोडा आहे. ब्युडेसोनाइड गरोदरपणात वापरण्याचा अनुभव भरपूर आहे. दिवस राहिल्यावर डोस उतरवण्याचे प्रयोग करायचे नाहीत, म्हणून पुढचे काही महिने निदान पक्कं करण्यात आणि दमा आटोक्यात आणण्यात घालवा, मग ठरवा. दिवस गेले की दर चार ते सहा आठवड्यांनी दम्यासाठी वेगळं दाखवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना पंपांची नावं पहिल्याच भेटीत सांगा. कामाच्या जागेचा निकालही त्याआधी लागलेला बरा.